गाडीवरचे बारीक चरे आणि ग्लेझ: कोकणातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ग्लेझ म्हणजे नेमकं काय? पॉलिश आणि वॅक्सपेक्षा ते वेगळं कसं?

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळी दिसते, ती या क्लिअर कोटमधल्या चऱ्यांची. खालचा रंग शाबूत असतो.

पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते क्लिअर कोट थोडा खरवडून चऱ्याच्या तळापर्यंत पृष्ठभाग खाली आणतात. चरा खरोखर जातो, पण क्लिअर कोटही तेवढा कमी होतो. वॅक्स आणि सीलंट हे वरून बसणारं संरक्षण. चरे झाकणं हे त्यांचं मुख्य काम नाही. ग्लेझमध्ये तेलं आणि भरण असतं. ते चऱ्यात जाऊन बसतं, प्रकाश इकडेतिकडे विखुरला जात नाही आणि चरा दिसेनासा होतो. चिऱ्याच्या भिंतीला गिलावा करावा तसं हे काम आहे: भिंत गुळगुळीत दिसते, आतला चिरा होता तसाच राहतो. दोन ते सहा धुण्यांत ग्लेझ निघून जातं आणि चरे पुन्हा दिसू लागतात. हे मान्य असेल तरच बाटली घ्या.

माझ्या गाडीवरचे चरे ग्लेझने झाकतील का, हे आधी कसं ओळखायचं?

दोन तपासण्या पुरतात. पॅनल धुऊन कोरडं करा आणि चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा ग्लेझच्या आवाक्याबाहेर आहे. नख सरकून गेलं तर दुसरी तपासणी करा: चऱ्यावर बोटाने पाण्याचा थेंब पसरवा. ओला असताना चरा गायब होत असेल तर ग्लेझनेही तो बहुतेक झाकेल, कारण पाणी तिथे तात्पुरतं तेच काम करतं. पाण्याखालीही पांढरी रेघ दिसत राहिली तर चरा खोल आहे. राखाडी प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर ग्लेझचा विचार सोडा आणि आधी टचअपचा रंग लावा. खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याला गंज धरायला पावसाळाही लागत नाही.

तपासणी उन्हात करा, किंवा रात्री मोबाइलचा टॉर्च पॅनलवर धरून. सावलीत किंवा ढगाळ हवेत कुठलीही गाडी चांगलीच दिसते.

आमच्याकडे हे चरे इतके का पडतात?

धूळ आणि फडकं, मुख्य कारण हेच. कोकणातली तांबडी धूळ जांभ्याची. ती बारीक असते आणि दमट हवेमुळे पत्र्याला चिकटून बसते. सकाळी दव पडलेलं असताना "पाणी आहेच, पुसून घेऊ" म्हणून जुन्या बनियनने बॉनेट पुसलं की ती सगळी धूळ क्लिअर कोटवरून फिरते. रोज पुसून चकचकीत ठेवलेल्या गाडीवर आठवड्याने धुतल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा जास्त जाळी दिसते, ती यामुळेच.

दुसरा गुन्हेगार गाडीचं कव्हर. समुद्रकाठी वाऱ्यावर सैल कव्हर दिवसभर फडफडतं आणि आत अडकलेली धूळ घासत राहतं. धूळ असलेल्या गाडीवर कव्हर घालण्यापेक्षा उघडी ठेवलेली बरी. तिसरं कारण किनाऱ्यावरची वाळू: हर्णै, मुरुड, गुहागर, तारकर्ली कुठेही पुळणीवरून आलेली गाडी आधी पाण्याच्या धारेखाली धरा, नुसती पुसू नका. वाळूतली गारगोटी क्लिअर कोटपेक्षा खूप कठीण असते.

अरुंद रस्त्यावर एसटीला बाजू देताना करवंदीच्या जाळीत गाडी घासली. दारावर लांब पांढऱ्या रेघा आहेत. चालेल का ग्लेझ?

आधी नीट धुवा. त्या रेघांतल्या बऱ्याच पानांच्या, खोडाच्या आणि धुळीच्या असतात. शाम्पूने किंवा क्ले बारने (पत्र्याला चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) निघतात. उरलेल्या रेघांना नखाची तपासणी लावा. नुसत्या फांद्यांच्या रेघा बहुधा वरवरच्या असतात आणि झाकल्या जातात. काट्याने ओढलेली रेघ खोल असते. ती पॉलिशने थोडी बोथट होईल, ग्लेझने नाही.

दुकानात डझनभर बाटल्या असतात. निवडायचं कशावरून?

पुढचं मोठं नाव सोडा, बाटलीची मागची बाजू वाचा. चार गोष्टी बघायच्या.

पहिली, त्यात घासणारे कण आहेत का. निव्वळ ग्लेझवर "नॉन-अब्रेझिव्ह" असं लिहिलेलं असतं. अनेक बाटल्या नावाला ग्लेझ, पण आत हलकं पॉलिशही असतं. ते वाईट नाही, उलट फिकट झालेल्या रंगाला त्याने उजाळा येतो. पण दर महिन्याला लावायचं असेल तर कण नसलेलंच घ्या. क्लिअर कोट थोडाच आहे आणि तो परत उगवत नाही.

दुसरी, ते भरण करतं की नुसती चमक देतं. मेग्वायर्सचं सात नंबरचं शो कार ग्लेझ मुख्यतः तेलांवर चालतं: रंग गडद आणि ओला दिसतो, झाकण्याचं काम बेताचं. पुअरबॉईज वर्ल्डचं ब्लॅक होल गडद रंगांसाठी, व्हाइट डायमंड फिकट रंगांसाठी. ही दोन्ही जाळी झाकण्यासाठीच घेतली जातात. तुमची तक्रार "रंग मेल्यासारखा वाटतो" अशी असेल तर पहिला प्रकार, "उन्हात जाळी दिसते" अशी असेल तर दुसरा.

तिसरी, त्यावर काय लावता येतं. ही माहिती लेबलावर नसेल तर बाटली परत ठेवा. समुद्रकाठी ग्लेझ उघडं ठेवण्यात अर्थ नाही, त्यामुळे वरचा थर ठरल्याशिवाय खालचा निवडूच नये.

चौथी, बाटली किती मोठी. एका हॅचबॅकला एका वेळी ३० ते ४० मिली लागतं, एसयूव्हीला ५० ते ६०. म्हणजे ५०० मिलीत हॅचबॅकचे डझनभर हात होतात. घरात एकच गाडी असेल तर २५० मिली पुष्कळ.

"पॉलिश आणि वॅक्स एकत्र" असं लिहिलेल्या बाटल्यांचं काय? वर्षातून दोनदाच हात लावणाऱ्याला हाच पर्याय सोयीचा. थोडं घासतं, थोडं झाकतं, थोडं संरक्षण देतं. तिन्हीत पहिला नंबर नाही, पण गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून आलेल्या माणसाकडे तीन थरांना वेळ कुठे असतो?

रंगाप्रमाणे ग्लेझ वेगळं घ्यावं का?

काळा, गडद निळा, मरून यांच्यावर चरे सर्वात जास्त दिसतात आणि ग्लेझचा फरकही तिथेच सर्वात जास्त पडतो. गडद रंगावर पांढरी भुकटी राहणारं ग्लेझ नको. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर जाळी मुळातच कमी दिसते; तिथे खरा त्रास लोखंडाच्या कणांच्या तांबूस ठिपक्यांचा आणि पिवळट थराचा असतो. तो आधी क्लेने काढा, ग्लेझची गरज उरेलच असं नाही.

मॅट रंगाला किंवा मॅट रॅपला ग्लेझ अजिबात लावू नका. डागडाग चकाकी येते आणि ती घालवणं कठीण.

जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीवर फडक्याला रंग लागतो. घाबरू नका, पण कण असलेलं ग्लेझ तिथे जपून वापरा.

लावायचं कसं? सगळी पद्धत सांगा.

वेळ सकाळची. मे महिन्यात नऊच्या आत, थंडीत दव पूर्ण वाळल्यावर. दुपारनंतर समुद्राकडून खारा, दमट वारा सुटतो आणि ग्लेझ वाळत नाही. गाडी सावलीत हवी, पण आंब्याच्या किंवा माडाच्या खाली नको. तळहाताची मागची बाजू पत्र्याला लावा. गरम लागला तर थांबा.

धुणं: आधी नुसत्या पाण्याची धार वरून खाली, चाकांच्या कमानीतली तांबडी माती सुटेपर्यंत. मग दोन बादल्या. एकीत १० लिटर पाणी आणि लेबलावर सांगितलेल्या मापाने गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक पॅनल धुवा, साध्या पाण्यात खळबळा, पुन्हा शाम्पूत. दारांचा खालचा भाग आणि बंपर सर्वात शेवटी. भांड्यांचा साबण रोजच्या धुण्यात नको, पण जुनं वॅक्स उतरवायचं असेल तेव्हा एकदा चालतो.

खाडीकाठच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. त्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की पांढरे ठिपके राहतात आणि ग्लेझखाली ते कायमचे दिसत राहतात. शेवटची बादलीभर धार तरी नळाच्या गोड्या पाण्याची घ्या आणि लगेच पुसा.

क्ले: धुतलेल्या पत्र्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले बार हवा. ५० ग्रॅमचा तुकडा पुरतो. शाम्पूचं पाणी फवारत, दाब न देता, सरळ रेषेत फिरवा. कण दिसले की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, धुऊन वापरू नका. तांबड्या मातीचा एक कण पुरेसा असतो.

मग काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर आणि बंपरचा खरखरीत भाग मास्किंग टेपने झाका.

ग्लेझ: बाटली हलवून घ्या. फोमच्या गोल ॲप्लिकेटरवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. एका वेळी साधारण ६० बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा. आधी आडवे, मग उभे हात, दाब मध्यम. गोल फिरवलं तरी ग्लेझ बसतं, पण ॲप्लिकेटरखाली कण आलाच तर गोल चरा पुन्हा उन्हात चमकेल. सरळ चरा कमी दिसतो. थर इतका पातळ हवा की खालचा रंग दिसला पाहिजे. मशिनची गरज नाही. डीए पॉलिशर (फिरता फिरता हेलकावणारं, रोटरीपेक्षा सौम्य मशिन) असेलच तर सर्वात मऊ पॅड आणि सर्वात कमी वेग.

साधारण ५ ते १० मिनिटांनी धूसर थर दिसतो. बोट ओढून बघा: खाली स्वच्छ रंग दिसला तर पुसायला तयार, बोटाखाली फासलं गेलं तर अजून थांबा. कोकणातल्या दमट दिवसात २० मिनिटंही लागतात. काही जुन्या धाटणीची तेलकट ग्लेझ मात्र वाळूच द्यायची नसतात, लावल्या लावल्या पुसायची असतात. लेबलावर तसं असेल तर एक पॅनल लावा, पुसा, मग पुढचं.

पुसायला ३०० ते ४०० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) मायक्रोफायबर, चार घड्या घालून. पहिल्या बाजूने थर उचला, दुसऱ्या स्वच्छ बाजूने झळाळी आणा. पूर्ण गाडीला चार फडकी तरी हवीत. काचेला ग्लेझ लागू देऊ नका. पहिल्याच पावसात वायपर फासतो आणि रात्री समोरचं दिसत नाही.

पुसल्यावर तेलकट पट्टे राहिले. काय चुकलं?

बहुतेक वेळा थर जाड झाला, किंवा पत्रा गरम होता, किंवा फडकं आधीच भरलेलं होतं. पट्ट्यावर ग्लेझचा एक थेंब पुन्हा लावून लगेच स्वच्छ फडक्याने पुसा. ताजं ग्लेझ जुन्याला मऊ करतं. तरीही पट्टे राहिले तर अर्धा तास जाऊ द्या. दमट हवेत तेल सावकाश बसतं आणि नंतर एका पुसण्यात निघतं. जोर लावून घासू नका, त्यानेच नवी जाळी तयार होते.

प्लॅस्टिकवर पांढरं राहिलं असेल तर पातळ केलेला ऑल-पर्पज क्लीनर आणि जुना मऊ टूथब्रश.

वरून काय लावायचं?

कार्नोबा हे वनस्पतीपासूनचं वॅक्स सर्वात बिनधास्त. ग्लेझच्या तेलाशी त्याचं जमतं. ग्लेझ पुसून झाल्यावर तासभर थांबा, मग पातळ थर. सिंथेटिक सीलंटला मात्र बहुधा कोरडा, तेलविरहित पृष्ठभाग लागतो. तेलकट ग्लेझवर तो धरत नाही आणि दोन धुण्यांत दोन्ही जातात. सीलंटच हवा असेल तर त्याच कंपनीचं, सीलंटखाली चालतं असं लिहिलेलं ग्लेझ घ्या.

सिरॅमिक कोटिंग करायचं ठरलं असेल तर ग्लेझ लावूच नका. कोटिंगच्या आधी ते पूर्ण उतरवावं लागतं आणि उतरवलं की चरे परत. आधीच कोटिंग असलेल्या गाडीवर ग्लेझ लावलं तर कोटिंगचा पाणी झटकण्याचा गुण झाकला जातो. पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म; तिच्यावरचे बारीक चरे गरम पाण्याने किंवा उन्हाने बरेचसे आपोआप भरतात. तिथे पैसे घालवू नका.

किती दिवस टिकतं? पावसाळ्यात लावू का?

ऑक्टोबर ते मे, वर वॅक्स असेल आणि साध्या शाम्पूने धुणं असेल, तर तीन ते सहा आठवडे. वॅक्सशिवाय दोन-तीन धुणी. जून ते सप्टेंबर लावू नका. रत्नागिरीकडे वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. तेवढ्या पाण्याखाली भरण टिकत नाही. पावसाळ्याआधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ग्लेझऐवजी सीलंटचा एक चांगला थर द्या. चरे दिसतील तर दिसोत, पत्रा वाचेल. गणपतीला गाडी सजवायची असेल तर उघडीप बघून फक्त बॉनेट, छप्पर आणि वरच्या बाजूंना एक हात द्या.

समुद्रकाठी राहतो. ग्लेझने खारापासून संरक्षण होतं का?

नाही. ग्लेझमुळे गाडीला संरक्षण मिळाल्यासारखं वाटतं, हीच खरी अडचण आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं आणि चरा उघडा असेल तिथे गंजाला वाट देतं. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी किंवा जयगड-तवसाळ फेरीने गाडी नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याची धार मारा, खालून सुद्धा. तेलकट ग्लेझवर वॅक्स नसेल तर मीठ आणि धूळ आणखी चिकटते.

आंब्याचा चीक, काजू, पाखरांची घाण यांचे डाग ग्लेझने जातील?

ओरखड्यासारखे दिसले तरी हे डाग वेगळे. आंब्याचा चीक आणि पाखरांची विष्ठा क्लिअर कोटला रासायनिक चटका देतात. उन्हात काही तासांतही खूण पडते. ताजा डाग असेल तर ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झाला की उचला, घासू नका. वाळलेला चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो. काजूच्या टरफलातलं तेल त्याहून तिखट. मे महिन्यात काजूची पोती टपावर टाकू नका. खूण हलकी असेल तर ग्लेझ ती थोडी फिकट दाखवेल. कडा जाणवत असेल तर पॉलिशच.

गॅरेजवाला म्हणतो रबिंग-पॉलिश करून घ्या. करू का?

चांगल्या हाताचं, योग्य मशिनने केलेलं पॉलिश हा चऱ्यांवरचा खरा उपाय आहे. हलक्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन जातात, हे परवडतं. त्रास होतो तो जाड रबिंग कंपाउंड आणि वेगवान रोटरी मशिनने घाईत केलेल्या कामाचा: गाडी उन्हात नेली की लाटांसारखे पट्टे दिसतात, कडांवरचा क्लिअर कोट उडतो. दोन प्रश्न विचारा: रंगाची जाडी मोजणार का, आणि शेवटी अल्कोहोलने पुसून दाखवणार का? दुसऱ्याला नकार आला तर समजा की कंपाउंडचे पट्टे ग्लेझने झाकून गाडी हातात येणार आहे.

गाडीचं आधीच दोन-तीनदा रबिंग झालं असेल तर आता ग्लेझच बरं. क्लिअर कोट उरला किती, हे डोळ्यांनी कळत नाही.

दार नुकतंच रंगवून आणलं. त्यावर लगेच लावलं तर?

ताज्या रंगातून द्रावक (सॉल्व्हंट) बाहेर पडत असतं. वॅक्स आणि सीलंट त्याची वाट अडवतात, म्हणून रंगाऱ्याने सांगितलेला काळ थांबा. हवेवर वाळवलेल्या रंगाला एक ते तीन महिने धरा, पावसाळ्यात जास्तच. "बॉडीशॉप सेफ" लिहिलेलं, सिलिकॉन आणि वॅक्स नसलेलं ग्लेझ मात्र आधीही चालतं. अल्कोहोल ताज्या रंगावर नको.

खोबरेल तेल, टूथपेस्ट, डिझेलचा बोळा?

खोबरेल तेलाने चरे झाकतात, खरंच. तत्त्व ग्लेझचंच आहे. पण ते वाळत नाही, अर्ध्या तासात तांबडी धूळ धरतं आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ घासली जाते. टूथपेस्टमधले कण रंगासाठी मापलेले नसतात, जागा धूसर होते. डिझेल रबर फुगवतं. तिन्ही नकोत.

जुनी गाडी बघायला गेलो, रंग आरशासारखा होता. ग्लेझ मारलंय हे कसं ओळखू?

उन्हात बघा आणि मालकाची परवानगी घेऊन बॉनेटचा वीतभर भाग पुसून बघा: आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी घालून, मऊ फडक्याने, दोन हात. तेवढ्याच भागात जाळी उमटली तर बाकी गाडीवर भरण आहे. याने गाडी वाईट ठरत नाही, किंमत ठरवताना पॉलिशचा खर्च धरायचा एवढंच. काळ्या प्लॅस्टिकच्या फटींत वाळलेली पांढरी भुकटी दिसली तरी तोच अर्थ.

फडकी आणि बाटली कशी ठेवायची?

फडकी कोमट पाण्यात, सौम्य द्रव साबणाने, सुती कपड्यांपासून वेगळी धुवा. सॉफ्टनर नको, त्याने धागे बुळबुळीत होतात आणि पट्टे पडतात. वाळत घालताना चिऱ्याच्या गडग्यावर किंवा खळ्यात जमिनीवर पसरू नका. जांभ्याचे कण धाग्यांत अडकतात आणि झटकून जात नाहीत. दोरीवर घाला. पावसाळ्यात पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात भरू नका, बुरशी धरते. बाटली डिकीत ठेवू नका. मेच्या उन्हात तेल आणि भरण वेगळं होतं. घट्ट हलवूनही गुठळ्या राहिल्या तर ती बाटली रंगाला लावू नका.